आधी मोत्याचं भोक बघा, मग तार घ्या

जुळे सोलापुरातल्या एका ताईंनी विचारलंय. भाचीच्या लग्नात घालायला त्या घरीच मोत्यांची १८ इंची माळ करतायत. दोऱ्यात ओवलेली नाही, तर प्रत्येक मोती तारेत बसवून कडीला कडी जोडलेली. हैदराबादहून ६ मिमी मोत्यांचा १६ इंची सर आणून सुटा केला आणि सोनेरी मुलामा दिलेली २४ नंबरची तांब्याची तार ऑनलाइन मागवली. पहिल्या वीस मोत्यांतल्या सातांचे भोकाजवळ टवके उडाले. साध्या कड्या केल्यात, त्या जरा ओढलं की उघडतात. जेवढी माळ झालीय तेवढी गळ्यात पीळ घेते. त्या विचारतात, "कडी एकसारखी गोल यायला हात कसा बसवायचा? आणि मोती कमी पडतील, तर भावाला आणखी एक सर आणायला सांगू का?"

ताई, तुमच्या हाताला दोष देऊ नका. तुम्ही जे तीन त्रास लिहिलेत, त्यातला टवके उडण्याचा त्रास तारेच्या जाडीमुळे आहे, कड्या उघडण्याचा त्रास कडीच्या प्रकारामुळे आहे आणि पीळ पडण्याचा त्रास कडीच्या मापामुळे. गोलाई सरावाने येतेच. पण चुकीच्या तारेवर कितीही सराव केला तरी मोती फुटत राहतील, आणि मोती फुटले की माणूस हात आखडून काम करतो, मग कडी आणखी बिघडते. म्हणून आधी तारेचं बोलू.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. घरी दागिने गाठवून द्यायचं काम गेली बावीस वर्षं करते. सुरुवात रेशमी दोऱ्यापासून झाली, सराफ कट्ट्याजवळ एका वयस्कर पटवेकऱ्यांसमोर, म्हणजे दागिने रेशमात गाठवणाऱ्या कारागिरांसमोर, बसून शिकले. तारेचं काम नंतर हातात आलं. त्या काकांची एक सवय मी आजही सोडलेली नाही. गिऱ्हाइकाने मोती पुढे ठेवले की ते आधी एकेक मोती उजेडाकडे धरून भोकातून पलीकडे बघायचे. दोरा कुठला, गाठ कुठली, हे त्यानंतर.

६ मिमीच्या गोड्या पाण्यातल्या मोत्याचं भोक साधारण ०.६ ते ०.८ मिमी असतं. स्वस्त सरात ०.५ चीही निघतात. शिवाय मोत्याला बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी निम्मं निम्मं भोक पाडलेलं असतं. ती दोन भोकं मध्यावर नेमकी समोरासमोर आली नाहीत तर आत पायरी राहते. तार अर्ध्यापर्यंत सुरळीत जाते आणि मग अडते. आपल्याला वाटतं जरा जोर लावला की जाईल. ती जातेही, पण बाहेर पडताना पलीकडच्या काठाचा टवका घेऊनच. मोती म्हणजे शिंपल्याच्याच द्रव्याचे पातळ थर एकावर एक बसलेले. नखापेक्षा कडक, पण काचेपेक्षा बराच मऊ. भोकाच्या काठाला ते थर कापले गेलेले असतात, त्यामुळे सगळ्यात नाजूक जागा तीच.

आता तुमची २४ नंबरची तार. इथे एक गोम आहे, जी दुकानदारही सांगत नाहीत. तारेचे नंबर दोन पद्धतींचे असतात. आपल्याकडे तारेच्या दुकानात जुना ब्रिटिश गेज चालतो, त्यात २४ नंबर म्हणजे ०.५६ मिमी. दागिन्यांसाठी ऑनलाइन येणाऱ्या तारेवर बऱ्याचदा अमेरिकन गेज असतो, त्यात २४ म्हणजे ०.५१ मिमी. २६ नंबरची तार ब्रिटिश मापाने ०.४६ आणि अमेरिकन मापाने ०.४० मिमी. एकच नंबर मागूनही वेगळी तार हातात येते ती यामुळे. म्हणून नंबर विचारू नका, मिलिमीटर विचारा. घरी मोजायचं असेल तर तार पेन्सिलीवर अगदी चिकटून दहा वेढे घाला आणि त्या दहा वेढ्यांची रुंदी पट्टीने बघा. ४ मिमी भरली तर तार ०.४ ची. ५ च्या पुढे गेली तर ती तुमच्या या मोत्यांसाठी नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्या बारीक तारेवर माळ टिकेल का? हिशोब करून बघा. ६ मिमीचा एक मोती साधारण ०.३ ग्रॅमचा. तुमच्या अख्ख्या माळेतल्या मोत्यांचं वजन दहा-अकरा ग्रॅमच्या आसपास राहील. एवढ्या वजनाला ०.४ मिमीची तार पुरून उरते, फक्त तिची कडी बंद असली पाहिजे. माळ तुटते ती तारेच्या बारीकपणाने क्वचितच. ती तुटते कडी उघडल्यामुळे, किंवा तीच तार चार वेळा वाकवून सरळ केल्यामुळे.

धातू कुठला घ्यावा, हे मात्र मी इथे बसून ठामपणे सांगू शकत नाही. ते तुमच्या अंगावर आणि माळ किती वेळा घालणार यावर आहे. एका लग्नापुरती आणि फोटोपुरती असेल तर चांगल्या मुलाम्याची तांब्याची तार चालेल. ती मऊ असते, शिकायला सोपी पडते. पण सोलापूरचा उन्हाळा आणि मंगल कार्यालयातली गर्दी लक्षात घ्या. सुरुवातीच्या वर्षांत मी एका दुकानातून "मुलामा जाणार नाही" असं सांगून दिलेली तार आणली आणि त्याची माळ मे महिन्यातल्या लग्नासाठी करून दिली. तीन तासांत त्या बाईंच्या मानेवर हिरवट रेघ उमटली. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण काम माझ्या हातचं होतं. तेव्हापासून नवी तार आणली की तिची एक कडी करून मी स्वतःच्या मनगटाला दोऱ्याने बांधून दिवसभर घरकाम करते. घाम आणि पाणी लागूनही संध्याकाळी डाग नसेल तरच ती तार पुढे वापरते. नकली दागिन्यांनी तुमच्या कानाला खाज येत असेल तर बहुधा निकेलची ॲलर्जी आहे, मग मुलाम्याच्या भानगडीत पडूच नका.

वारंवार घालायची असेल तर चांदी घ्या. शुद्ध चांदी या कामाला फार मऊ पडते, ९२.५ टक्क्यांची बरी. सराफ कट्ट्यावर चांदीचं काम करणारे कारागीर हव्या त्या जाडीची तार ओढून देतात. जाताना दोन-तीन मोती बरोबर न्या, त्यातले बारीक भोकाचे मुद्दाम निवडून, आणि तार तिथेच मोत्यात घालून बघा. ओढून आलेली तार कडक असते. थोडी तावून, म्हणजे तापवून मऊ करून मागा, पण लोण्यासारखी मऊ नको. बोटाने वाकवली की वाकावी आणि सोडली की किंचित मागे यावी, इतपत.

ही तार येईपर्यंत तुमच्या मोत्यांची निवड करून टाका. ०.४ मिमीच्या तारेचा एक तुकडा घ्या आणि प्रत्येक मोत्यातून घालून बघा. सरकन जाणारे एका वाटीत, अडणारे दुसऱ्या वाटीत. सात गेले तरी तुमच्याकडे साठेक मोती आहेत, त्यामुळे अडणाऱ्यांवर जोर लावायचं काहीच कारण नाही. त्यातला एखादा फारच देखणा असेल आणि हवाच असेल, तर भोक मोठं करायला हिऱ्याची पूड लावलेली बारीक कानशीसारखी सुई मिळते, तिला रीमर म्हणतात. वाटीत पाणी घेऊन मोती पाण्याखाली धरायचा आणि सुई हातानेच, हलकेच फिरवायची. निम्मं एका बाजूने, निम्मं दुसऱ्या बाजूने. कोरड्याने करू नका. मोती तापतो, आणि ती बारीक पूड श्वासात जाणं चांगलं नाही. मात्र आजीच्या, पणजीच्या दागिन्यातून निघालेल्या जुन्या मोत्यांना ही सुई कधीही लावू नका. त्यांची भोकं मुळातच फार बारीक असतात. ते मोती पटवेकऱ्यांकडे नेऊन रेशमातच गाठवून घ्यावेत.

आता दुसऱ्या सराचं. मागवू नका. ओवलेल्या १८ इंची सराला ६ मिमीचे पंच्याहत्तरएक मोती लागतात, तो हिशोब तुमच्या डोक्यात आहे. तारेच्या माळेत प्रत्येक मोत्याच्या दोन्ही बाजूंना वेढे आणि कडी येते. मोती ६ मिमी, दोन्हीकडचे वेढे मिळून २, आणि कड्या आतून २ मिमीच्या धरल्या तर जोडल्यावर एका मोत्यामागे साधारण १२.८ मिमी लांबी मिळते. १८ इंच म्हणजे ४५७ मिमी. त्यातून हुकाचे २० काढले की ३४ मोती बसतात. तार एका मोत्याला ८ सेंटीमीटर धरा. त्यातली निम्मी कापून जाते, पण धरायला लागते. म्हणजे पावणेतीन मीटर माळेला, आणि हात बसवायला तेवढीच आणखी.

कडीकडे वळण्याआधी एक सांगते. घरात मोत्याची जुनी नथ किंवा कुड्या असतील तर त्या उलट्या करून, भिंग असेल तर भिंगाखाली बघा. मोत्यातून गेलेली सोन्याची तार मागे वळून स्वतःभोवतीच वेढे घेऊन थांबलेली दिसेल. तिथे चिकटवलेलं काही नाही, गाठ नाही. तारेने तारेलाच धरून ठेवायचं, हेच या सगळ्या कामाचं तत्त्व. तुम्ही केलेल्या साध्या कडीत तारेचं टोक मोत्याशेजारी नुसतं येऊन टेकतं, म्हणून ओढ बसली की ते सरकतं. टोक तारेभोवती अडीच वेढे फिरवलं की ती कडी उघडायला जागाच उरत नाही.

बसताना पुढ्यात टॉवेल पसरा. आपला सोलापुरी टेरी टॉवेल या कामाला फार छान, मोती घरंगळत नाहीत. हत्यारं तीन लागतात: निमुळत्या गोल टोकांची पक्कड, आतून दाते नसलेली चपटी पक्कड आणि टोक सपाट कापणारं कटर. घरातली विजेच्या कामाची पक्कड नको, तिच्या दात्यांनी मुलामा खरवडला जातो. गोल पक्कड टोकाकडे बारीक आणि मुळाकडे जाड असते, म्हणून दर वेळी वेगळ्या जागी धरलं की कडी लहान-मोठी होते. एकसारख्या कडीचं सगळं गुपित एवढंच आहे. २ मिमीची कडी जिथे होते, तिथे पक्कडीच्या जबड्यावर मार्करने रेघ मारा आणि प्रत्येक कडी त्या रेघेवरच वळवा. रेघ पुसट झाली की पुन्हा मारा. मी आजही मारते.

८ सेंटीमीटरचा तुकडा घ्या. टोकापासून तीन सेंटीमीटरवर चपट्या पक्कडीने धरून तार काटकोनात वाकवा. आता गोल पक्कड त्या कोपऱ्यात, आपल्या रेघेवर धरा आणि टोक पक्कडीच्या वरच्या जबड्यावरून पलीकडे न्या. अर्धी कडी झाली की पक्कड काढून खालचा जबडा कडीत घाला आणि वळण पूर्ण करा. टोक उभ्या तारेला आडवं येऊन थांबेल. मग कडी चपट्या पक्कडीत आडवी, अलगद धरा आणि टोक उभ्या तारेभोवती फिरवा. वेढे शेजारी शेजारी, एकमेकांना चिकटून. अडीच झाले की कटरची सपाट बाजू वेढ्यांकडे ठेवून कापा आणि उरलेलं टोक चपट्या पक्कडीच्या अगदी टोकाने आत दाबा.

आता मोती घाला. तुमचे टवके उडण्यात जाड तारेबरोबर इथल्या चुकीचाही हात असणार. मोती सरकवला की लगेच त्याला टेकूनच तार वाकवली जाते आणि सगळा जोर भोकाच्या काठावर येतो. तसं करू नका. मोत्याच्या वर चपट्या पक्कडीचं टोक आडवं धरा आणि पक्कडीच्या वरून तार वाकवा. पक्कडीच्या टोकाची जाडी, सुमारे एक मिलिमीटर, एवढी जागा आपोआप मोकळी राहते. वेढे तिथेच बसायचेत. मग पहिल्यासारखीच कडी करा, पण वेढे घालण्याआधी आधीच्या मोत्याची तयार कडी हिच्यात अडकवा. हे विसरलं तर बंद कडी पुन्हा उघडता येत नाही, मोती कापून काढावा लागतो. शेवटचा वेढा मोत्यापाशी आला की थांबा. मोती बोटाने फिरवला तर तारेवर हलकासा फिरला पाहिजे. घट्ट दाबून बसवलेला मोती त्या दिवशी छान दिसतो, पण पुढे धक्का लागला की तिथेच तडकतो.

थोडक्यात इथवरचं: तार ०.४ ची, कडी रेघेवर, वेढे अडीच, आणि मोती तारेवर सैल.

एखादी कडी वाकडी आली तर एकदाच, हलकेच दुरुस्त करा. धातू वाकवला की तो तिथे कडक होतो. तीच जागा पुन्हा पुन्हा उलगडली की तार ठिसूळ होऊन मोडते, आणि मोडते ती बऱ्याचदा माळ गळ्यात असताना. बिघडलेला तुकडा कापून मोती काढून घ्या, आठ सेंटीमीटर तारेची किंमत फार नाही. पहिले पंधरा-वीस नग काचेच्या स्वस्त मण्यांवरच करा. हात बसल्यावर एका मोत्याला चार-पाच मिनिटं लागतात, म्हणजे माळेला तीन तास. एका बैठकीत करू नका, दहा-बारा मोत्यांवर उठा. बोटं थकली की कड्या मोठ्या व्हायला लागतात, आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतं.

पीळ पडण्याचं राहिलं. माळेतली प्रत्येक कडी शेजारच्या कडीत मोकळी फिरली पाहिजे. जाड तारेची लहान कडी असेल तर दोन कड्या एकमेकींत अडकतात, मोती तिरपा उभा राहतो आणि सगळी माळ पीळ घेते. बारीक तार आणि आतून २ मिमीची कडी झाली की हा त्रास बहुतेक जातो. तरीही राहिला तर हुकाच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटी जंप रिंग, म्हणजे एका जागी कापलेली सुटी गोल कडी, घाला. ती उघडताना दोन टोकं बाजूला फाकवू नका, एक पुढे आणि एक मागे असं सरकवा, आणि बंदही तशीच करा. फाकवलेली रिंग पुन्हा नीट मिटत नाही. हुकामागे दोन इंचांची साखळी ठेवा, म्हणजे माळ कमी-जास्त लांब करता येते. भाचीच्या लग्नात साडीचा काठ किती वर येतो, ब्लाउजचा गळा कसा, हे आयत्या वेळी कळतं.

माळ झाली की ती टॉवेलवर ठेवून वरून तळहाताने दाबत पूर्ण लांबी सरकवा. टॉवेलचा धागा कुठे ओढला गेला तर तिथे तारेचं टोक बाहेर आहे. ते दाबा आणि पुन्हा सरकवा. ही तपासणी मी एका नुकसानीनंतर सुरू केली. माझ्या एका माळेचं एकच टोक राहिलं होतं, मोहरीपेक्षाही लहान, आणि त्याने एका मुलीच्या आईच्या इरकलीच्या पदराचा धागा बोटभर ओढला. साडी त्यांच्या लग्नातली होती. भरून देता येणारी ती गोष्ट नव्हती.

लग्नात हळदीच्या दिवशी माळ घालू नका. मोती रंग पितो, आणि हळदीचा डाग धुऊन जात नाही. अत्तर, स्प्रे, पावडर आधी, आणि माळ सगळ्यात शेवटी. घरी आल्यावर मऊ मलमलीच्या ओल्या फडक्याने पुसून, वाळवून मगच डबीत ठेवा. चांदी काळवंडली म्हणून लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा चांदी उजळायचं द्रावण लावू नका. आंबटाने मोत्याचा थरच विरघळतो. कोरड्या पॉलिशच्या कापडाने फक्त तार पुसा.

३४ मोती माळेत गेले तरी तुमच्याकडे पंचविसेक उरतील. माळ सुरू करण्याआधीच त्यातले रंगाला आणि आकाराला तंतोतंत जुळणारे दोन शोधून वेगळ्या पुडीत बांधून ठेवा, कानातल्यांसाठी. माळेला मोती थोडे उन्नीस-बीस चालतात, कानातल्यांना चालत नाहीत, आणि सगळ्यात चांगले मोती माळेत संपल्यावर अशी जोडी सापडत नाही.